लिपिड प्रोफाइलमधून मधुमेहाचा धोका कसा वाचायचा: सॅम्पलच्या तयारीपासून शुगरच्या पक्क्या तपासणीपर्यंत

लिपिड प्रोफाइलचा, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या तपासणीचा, रिपोर्ट हातात आला की नजर आधी एकूण कोलेस्टेरॉलवर जाते, मग एलडीएलवर, म्हणजे ‘वाईट’ म्हटल्या जाणाऱ्या कोलेस्टेरॉलवर. दोन्ही ठीक दिसले की रिपोर्ट फाइलला लागतो. हृदयासाठी एलडीएल महत्त्वाचं आहेच, पण मधुमेहाची चाहूल त्या ओळीत लागत नाही. ती लागते ट्रायग्लिसराइड्स (रक्तातल्या चरबीचा एक प्रकार) आणि एचडीएल (‘चांगलं’ म्हटलं जाणारं कोलेस्टेरॉल) या जोडीत, आणि पुष्कळदा उपाशीपोटीची शुगर हद्द ओलांडायच्या काही वर्षं आधीच.

चुका दोन ठिकाणी होतात. सॅम्पल चुकीच्या वेळी किंवा चुकीच्या तयारीने दिलं जातं, आणि आलेले आकडे सुटे सुटे वाचले जातात. खालचे टप्पे त्याच क्रमाने करा. पहिले तीन नीट झाले नसतील तर पुढच्या गणिताला अर्थ उरत नाही.

एक गोष्ट आधीच पक्की करून घ्या. लिपिडवरून मधुमेहाचं निदान होत नाही. कोणाची शुगर आता नीट, पूर्ण पद्धतीने तपासायला हवी, एवढंच लिपिड सांगतं. निदान शुगरच्या तपासणीवरच होतं.

(वेगळं सांगितलं नसेल तिथे सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आहेत.)

## टप्पा १: तपासणीची वेळ निवडा

अंगात ताप किंवा इन्फेक्शन असताना हा हिशेब करायला जाऊ नका. आजारपणात शरीरात जी दाहाची प्रक्रिया चालते, तिच्यामुळे ट्रायग्लिसराइड्स वाढतात आणि एचडीएल उतरतं. म्हणजे आपण जो नमुना शोधणार आहोत, नेमका तोच आजारपणातही दिसतो, आणि रिपोर्टवरून दोघांतला फरक कळत नाही.

- साधा ताप, सर्दी, पोटाचा त्रास: पूर्ण बरं वाटल्यावर दोन-तीन आठवडे थांबा.
- मोठं इन्फेक्शन, शस्त्रक्रिया, अपघात, हार्ट अटॅक: साधारण आठ आठवडे थांबा.
- गरोदरपण: या काळात ट्रायग्लिसराइड्स आणि कोलेस्टेरॉल दोन्ही वाढतात आणि ते नैसर्गिक आहे. धोका मोजण्यासाठी हे आकडे वापरायचे नाहीत. बाळंतपणानंतरही काही महिने जाऊ द्या.

सावधान: गरोदरपणात मधुमेह झाला असेल तर लिपिडसाठी थांबलात तरी शुगरसाठी थांबू नका. बाळंतपणानंतर ४ ते १२ आठवड्यांत ग्लुकोज पिऊन करायची तपासणी (टप्पा ९) व्हायलाच हवी. बाळाच्या धावपळीत सगळ्यात जास्त राहून जाते ती हीच तपासणी.

हॉस्पिटलमध्ये असताना डॉक्टरांनी उपचार ठरवण्यासाठी लिपिड करायला सांगितलं असेल, तर ते जरूर करा. फक्त त्या आकड्यांवरून मधुमेहाच्या धोक्याचा हिशेब मांडू नका.

## टप्पा २: दोन आठवडे आधीपासून आदल्या रात्रीपर्यंत

या टप्प्यावरची नेहमीची चूक म्हणजे रिपोर्ट चांगला यावा म्हणून शेवटच्या तीन-चार दिवसांत खाणं कमी करणं. ट्रायग्लिसराइड्स फार चटकन हलतात. गोड आणि पिष्टमय पदार्थ चार दिवस कमी केले तरी आकडा खाली येतो. मग रिपोर्टमध्ये तुमचे चार दिवस दिसतात, वर्षभराची सवय दिसत नाही.

1. दोन आठवडे नेहमीसारखं खा आणि वजन स्थिर ठेवा. वजन झपाट्याने उतरत असताना ट्रायग्लिसराइड्स कमी दिसतात आणि एचडीएलही तात्पुरतं उतरतं, त्यामुळे जोडीचा अर्थ लागत नाही.
2. तीन दिवस मद्य बंद. मद्यामुळे यकृतातून ट्रायग्लिसराइड्स जास्त बाहेर पडतात, आणि ज्यांचे आकडे मुळात जास्त आहेत त्यांच्यात ही वाढ मोठी असते.
3. शेवटचे २४ तास दमवणारा व्यायाम नको. लांब पळणं किंवा जोरदार सायकलिंग झालं की ट्रायग्लिसराइड्स एक-दोन दिवस खाली राहतात. रोजचं साधं चालणं चालेल.
4. रात्रीचं जेवण नेहमीचंच आणि वेळेवर. समारंभाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सॅम्पल देऊ नका.
5. उपास १० ते १२ तासांचा. पाणी प्या, तहान मारू नका. चहा, कॉफी, दूध, सरबत नको, बिनसाखरेचंही नको. सकाळी सिगारेट किंवा तंबाखू नको.

उपास लांबला की रिपोर्ट जास्त शुद्ध येतो, असा एक समज आहे. तो खरा नाही. १४-१६ तासांच्या पुढे शरीर साठवलेली चरबी जास्त प्रमाणात वापरायला लागतं आणि आकडे आपल्या मोजपट्टीत बसत नाहीत. रात्री आठला जेवलात तर सकाळी सहा ते आठच्या दरम्यान सॅम्पल द्या. लॅबमध्ये रांगेत बसून अकरा वाजणार असतील तर दुसरा दिवस निवडा.

सावधान: चालू गोळ्या स्वतःहून बंद करू नका. कोणत्या गोळ्या, किती मात्रा, कधीपासून हे एका कागदावर लिहून ठेवा. टप्पा ७ मध्ये तो कागद लागेल. इन्सुलिन किंवा शुगर कमी करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर इतका उपास करायच्या आधी त्या दिवशीच्या डोसबद्दल डॉक्टरांना विचारा.

लिपिडसाठी आता उपास लागत नाही, असं तुम्ही ऐकलं असेल. हृदयविकाराचा धोका पाहायचा असेल तर ते बरोबर आहे. २०१६ साली युरोपातल्या तज्ज्ञ संस्थांनी तशी भूमिका घेतली आणि बऱ्याच ठिकाणी तीच पद्धत रुळली. आपला प्रश्न वेगळा आहे. ट्रायग्लिसराइड्सची १५० ची हद्द उपाशीपोटीची आहे, आणि त्याच सॅम्पलसोबतची शुगरही आपल्याला उपाशीपोटीचीच लागणार आहे. सॅम्पल जेवल्यावर दिलं गेलंच असेल, तर ट्रायग्लिसराइड्स १७५ किंवा त्याहून जास्त आले की ते वाढलेले समजा आणि उपास धरून पुन्हा तपासा.

## टप्पा ३: सॅम्पल देताना

लॅबमध्ये पोहोचलात की निदान पाच-दहा मिनिटं खुर्चीत बसा. उभं असताना रक्तातलं थोडं पाणी आजूबाजूच्या पेशीजालात उतरतं आणि रक्त किंचित दाट होतं. आडवं झालं की उलट होतं. वीस मिनिटं आडवं पडल्यानंतर घेतलेल्या सॅम्पलमध्ये कोलेस्टेरॉल दहा टक्क्यांच्या आसपास कमी येऊ शकतं. एकदा बसून आणि एकदा झोपून सॅम्पल दिलं, तर दोन रिपोर्टमधला फरक तुमच्या तब्येतीतला आहे की बसण्याच्या पद्धतीतला, हे सांगता येणार नाही. दंडाला बांधलेला पट्टाही एका मिनिटापेक्षा जास्त वेळ आवळलेला राहू नये.

नळ्या दोन लागतात. लिपिडसाठी एक, आणि शुगरसाठी फ्लोराइड असलेली दुसरी, जिचं बूच बहुतेक ठिकाणी राखाडी असतं. इथे होणारी चूक बारीक आहे, पण तिचे परिणाम मोठे आहेत. नळीतल्या रक्तपेशी जिवंत असतात आणि साखर खात राहतात. साध्या नळीत, खोलीच्या तापमानाला, शुगर दर तासाला ५ ते ७ टक्क्यांनी घटते. १०४ शुगर असलेल्या माणसाचं सॅम्पल तासभर तसंच पडून राहिलं तर रिपोर्टमध्ये ९८ येऊ शकतात. १०० ही धोक्याची पायरी आहे. म्हणजे माणूस पायरीच्या वर आणि रिपोर्ट खाली. फ्लोराइडचा परिणाम पूर्ण दिसायलाही थोडा वेळ लागतो, म्हणून सॅम्पल लवकर थंड करणं किंवा त्यातला प्लाझ्मा (पेशी वगळून उरणारा द्रव) लवकर वेगळा काढणं तितकंच गरजेचं असतं. घरी येऊन सॅम्पल नेणाऱ्यांना, ते लॅबमध्ये किती वेळात पोहोचतं हे जरूर विचारा.

खात्री करा: शुगरची नळी वेगळी घेतली का? नळीवर नाव आणि वेळ लिहिली का? शेवटचं खाणं किती वाजता झालं याची नोंद केली का? बोटाला सुई टोचून घरच्या मीटरवर घेतलेली शुगर या हिशेबात धरू नका. ते यंत्र रोजच्या देखरेखीसाठी आहे.

## टप्पा ४: आकड्यांचा अर्थ लावायच्या आधी रिपोर्ट तपासा

एकक कोणतं आहे? काही ठिकाणी मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर वापरतात, काही ठिकाणी मिलिमोल प्रति लिटर. मिलिमोलवरून मिलिग्रॅम काढायला कोलेस्टेरॉल (एकूण, एलडीएल, एचडीएल) ३८.६७ ने गुणा, ट्रायग्लिसराइड्स ८८.५७ ने आणि शुगर १८ ने. तिन्हींना एकच गुणक लावणं ही नेहमीची चूक आहे.

एलडीएल मोजलंय की काढलंय? पुष्कळ लॅब एलडीएल प्रत्यक्ष मोजत नाहीत. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करतात, ट्रायग्लिसराइड्सचा पाचवा भागही वजा करतात, आणि उरेल त्याला एलडीएल म्हणतात. हे १९७२ चं सूत्र आहे. ट्रायग्लिसराइड्स ४०० च्या वर गेले की ते चालत नाही, आणि त्याच्या खालीही ट्रायग्लिसराइड्स जितके जास्त तितकं एलडीएल खरं असेल त्याहून कमी दिसण्याकडे झुकतं. म्हणजे ज्याला मधुमेहाचा धोका आहे, नेमक्या त्याच माणसाच्या रिपोर्टमध्ये एलडीएल उगाचच चांगलं दिसू शकतं. अशा वेळी एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करून येणारा नॉन-एचडीएलचा आकडा जास्त भरवशाचा.

व्हीएलडीएल (यकृतातून ट्रायग्लिसराइड्स वाहून नेणारे कण) ही ओळ बहुतेक रिपोर्टमध्ये ट्रायग्लिसराइड्सला पाचने भागून लिहिलेली असते. तिच्यातून नवीन काही कळत नाही, तिच्यावर वेळ घालवू नका.

रिपोर्टच्या तळाशी सॅम्पल दुधाळ किंवा लिपेमिक असल्याचा शेरा असेल, तर आधी उपास खरंच झाला होता का ते आठवा. झाला असेल तर ट्रायग्लिसराइड्स खूपच जास्त आहेत आणि डॉक्टरांना लगेच दाखवायला हवं.

## टप्पा ५: जोडी वाचा

उपाशीपोटी ट्रायग्लिसराइड्स १५० किंवा जास्त, आणि एचडीएल पुरुषांत ४० पेक्षा कमी किंवा स्त्रियांत ५० पेक्षा कमी. हे दोन्ही एकत्र दिसले की इन्सुलिन रेझिस्टन्सची शंका घ्यायची. शरीर इन्सुलिन तयार करतंय, पण पेशी त्याला पुरेशी दाद देत नाहीत, अशी ही स्थिती.

या दोन आकड्यांचा साखरेशी संबंध कसा, हे समजलं की पुढच्या चुका आपोआप टळतात. इन्सुलिनचं एक काम म्हणजे चरबीच्या पेशींना, साठा सोडू नका, असा हुकूम देणं. रेझिस्टन्स आला की तो हुकूम कमजोर पडतो आणि चरबीच्या पेशींतून फॅटी ॲसिड सतत सुटत राहतात. ती यकृतात पोहोचतात. यकृत त्यांचे ट्रायग्लिसराइड्स बनवतं आणि व्हीएलडीएल कणांत भरून रक्तात सोडतं. रक्तात या कणांची गर्दी झाली की ते आपले ट्रायग्लिसराइड्स एचडीएलला देतात आणि बदल्यात त्याचं कोलेस्टेरॉल घेतात. असं ट्रायग्लिसराइड्सने भरलेलं एचडीएल लवकर मोडतं आणि रक्तातून काढून टाकलं जातं. म्हणून एक आकडा चढतो आणि दुसरा उतरतो. तीच अदलाबदल एलडीएलशीही होते. त्याचे कण लहान आणि घट्ट होतात, पण त्यातल्या कोलेस्टेरॉलचा एकूण आकडा फारसा हलत नाही. एलडीएलच्या ओळीत मधुमेह दिसत नाही तो यामुळे.

या सगळ्या काळात स्वादुपिंड जास्तीचं इन्सुलिन सोडून साखर आटोक्यात ठेवत असतं. त्यामुळे शुगर नॉर्मल आणि जोडी बिघडलेली, असा काळ बराच लांब असू शकतो.

आता एक नमुना रिपोर्ट घेऊ:

- एकूण कोलेस्टेरॉल १८२
- एचडीएल ३६ (पुरुष)
- ट्रायग्लिसराइड्स २१०
- एलडीएल १०४ (सूत्राने काढलेलं: १८२ − ३६ − ४२)
- उपाशीपोटी शुगर १०४

एकूण कोलेस्टेरॉल २०० च्या आत, एलडीएल शंभराच्या जरासं वर. कोणीही सहज म्हणेल, रिपोर्ट चांगला आहे. प्रत्यक्षात जोडीतले दोन्ही आकडे हद्दीबाहेर आहेत आणि शुगरनेही पहिली पायरी ओलांडलीय. एवढ्या रिपोर्टवर माणसाला नुसता घरी पाठवणं चूक आहे.

सावधान: फक्त एचडीएल कमी आणि ट्रायग्लिसराइड्स ८०-९० असतील तर ही जोडी होत नाही. एचडीएल आनुवंशिकतेने किंवा धूम्रपानानेही कमी असू शकतं. उलट बाजूही लक्षात घ्या. आफ्रिकी वंशाच्या लोकांत इन्सुलिन रेझिस्टन्स असूनही ट्रायग्लिसराइड्स पुष्कळदा नॉर्मल राहतात, म्हणून त्यांच्या बाबतीत चांगल्या जोडीवर निर्धास्त राहता येत नाही.

## टप्पा ६: दोन हिशेब, आणि ते कुठे चुकतात

पहिला: गुणोत्तर. ट्रायग्लिसराइड्सला एचडीएलने भागा. नमुन्यात २१० ÷ ३६ = ५.८. मिलिग्रॅमच्या हिशेबात साधारण ३ च्या वरचं गुणोत्तर इन्सुलिन रेझिस्टन्सकडे बोट दाखवतं. वंशानुसार आणि स्त्री-पुरुषांत ही रेघ थोडी सरकते, म्हणून २.९ आणि ३.१ यांत मोठा फरक मानू नका.

चूक होते ती एककात. हाच रिपोर्ट मिलिमोलमध्ये असेल तर ट्रायग्लिसराइड्स २.३७, एचडीएल ०.९३ आणि गुणोत्तर २.५५ येतं. त्याला ३ ची रेघ लावली की माणूस सुरक्षित वाटतो. मिलिमोलमध्ये ती रेघ १.३ ची आहे, आणि २.५५ म्हणजे तिच्या जवळजवळ दुप्पट.

दुसरा: टीवायजी निर्देशांक. यात एचडीएल नसतं. उपाशीपोटीचे ट्रायग्लिसराइड्स आणि त्याच सॅम्पलसोबतची शुगर लागते.

1. दोन्ही आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्येच घ्या.
2. त्यांचा गुणाकार करा: २१० × १०४ = २१,८४०.
3. आता दोनने भागा: १०,९२०.
4. शेवटी नॅचरल लॉग घ्या, म्हणजे कॅल्क्युलेटरवरचं एलएन बटण: ९.३०.

तिसरी आणि चौथी पायरी उलटी केली, म्हणजे आधी लॉग घेऊन मग दोनने भागलं, तर उत्तर ५.० येतं. एलएनऐवजी दहाच्या पायाचा लॉग दाबला गेला तर ४.०४. उत्तर चार-पाचच्या आसपास आलं की गणित चुकलंय असं समजा. बरोबर केलेल्या हिशेबात ते सहसा आठ ते दहाच्या दरम्यान येतं. तुलनेसाठी दोन खुणा: ट्रायग्लिसराइड्स १०० आणि शुगर ९० असेल तर ८.४१, ट्रायग्लिसराइड्स १५० आणि शुगर १००, म्हणजे दोन्ही अगदी हद्दीवर, तर ८.९२. सगळ्या लोकसमूहांना लागू पडेल अशी एकच रेघ इथे नाही. या निर्देशांकाचा खरा उपयोग स्वतःच्या मागच्या रिपोर्टशी तुलना करायला होतो.

मधुमेहाचं निदान आधीच झालेलं असेल तर हे दोन्ही हिशेब करत बसू नका. ते धोका ओळखण्यासाठी आहेत.

## टप्पा ७: दुसरी कारणं बाजूला काढा

जोडी बिघडली म्हणजे इन्सुलिन रेझिस्टन्सच, असं नाही. औषधांचा कागद आता समोर घ्या.

- औषधं: स्टेरॉइड, तोंडाने घ्यायचं इस्ट्रोजेन, थायझाइड गटातल्या लघवीच्या गोळ्या, काही बीटा ब्लॉकर, मुरुमांसाठीचं आयसोट्रेटिनॉइन, काही मानसोपचाराची औषधं, एचआयव्हीवरची काही औषधं. यातली स्टेरॉइड आणि काही मानसोपचाराची औषधं शुगरही वाढवतात. म्हणून कारण सापडलं तरी शुगरची तपासणी सोडायची नाही.
- थायरॉइड: थायरॉइड मंद असेल तर एलडीएल आणि ट्रायग्लिसराइड्स दोन्ही चढतात. टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्या.
- किडनी: लघवीतून प्रोटीन जात असेल तरी लिपिड बिघडतात.
- मद्य: इथे एक फसगत आहे. नियमित मद्याने ट्रायग्लिसराइड्स वाढतात, पण एचडीएलही वाढतं. त्यामुळे गुणोत्तर बरं दिसतं.

सावधान: स्टॅटिनच्या (कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या) गोळ्यांनी मधुमेहाची शक्यता किंचित वाढते, हे खरं आहे. पण ज्यांना त्या योग्य कारणाने दिल्या आहेत, त्यांच्यात हार्ट अटॅक आणि पक्षाघात टळण्याचा फायदा त्याहून बराच मोठा असतो. हे वाचून गोळी बंद करू नका. शुगर ठरलेल्या वेळी तपासत राहा.

## टप्पा ८: कंबर आणि रक्तदाब जोडा

जोडीला तीन मापं जोडली की चित्र पूर्ण होतं. खालच्या पाचांपैकी कोणतीही तीन लागू पडली तर मेटाबॉलिक सिंड्रोम, म्हणजे मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका वाढवणाऱ्या बिघाडांचा एकत्र समूह, धरतात:

1. ट्रायग्लिसराइड्स १५० किंवा जास्त
2. एचडीएल पुरुषांत ४० पेक्षा, स्त्रियांत ५० पेक्षा कमी
3. रक्तदाब १३०/८५ किंवा जास्त (दोन्हींपैकी एक आकडाही पुरे)
4. उपाशीपोटी शुगर १०० किंवा जास्त
5. कंबर: दक्षिण आशियाई वंशाच्या पुरुषांत ९० सेंटीमीटर, स्त्रियांत ८० सेंटीमीटर किंवा जास्त. युरोपीय वंशाच्या लोकांसाठी पुष्कळ ठिकाणी १०२ आणि ८८ वापरतात.

पहिल्या चारांपैकी कशासाठी औषध चालू असेल, तर आकडा नॉर्मल असला तरी ती अट लागू पडली असंच मोजायचं. हे हमखास विसरलं जातं. आपल्या नमुन्यातल्या माणसाच्या तीन अटी रक्ताच्या रिपोर्टवरच पूर्ण झाल्यात. टेप हातात घ्यायचीही गरज पडली नाही.

कंबर पँटच्या पट्ट्यावर मोजू नका. सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या बरोबर मध्यावर, कपडा बाजूला करून, सहज श्वास सोडून झाल्यावर टेप धरा. टेप टेकलेली हवी, रुतलेली नको. पोट आत ओढून मोजलं तर फसवणूक स्वतःचीच होते.

## टप्पा ९: शुगरची पक्की तपासणी

वजन जास्त असलेल्या माणसात एचडीएल ३५ च्या खाली किंवा ट्रायग्लिसराइड्स २५० च्या वर असतील, तर तेवढ्या एका कारणावर शुगर तपासावी, असं अमेरिकन डायबिटीस असोसिएशनचे निकष सांगतात. जोडी बिघडलेली असेल तर आम्ही त्या टोकाच्या आकड्यांची वाट पाहायला सांगणार नाही.

तीन तपासण्या आहेत:

- उपाशीपोटी शुगर: १०० ते १२५ म्हणजे प्रीडायबेटिस (मधुमेहाच्या आधीची पायरी), १२६ किंवा जास्त म्हणजे मधुमेह. जागतिक आरोग्य संघटना खालची रेघ १०० ऐवजी ११० ला ओढते.
- एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी शुगरचा अंदाज देणारी तपासणी): ५.७ ते ६.४ टक्के प्रीडायबेटिस, ६.५ किंवा जास्त मधुमेह.
- ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी शुगर: १४० ते १९९ प्रीडायबेटिस, २०० किंवा जास्त मधुमेह.

लक्षणं नसतील तर एका आकड्यावर निदान करत नाहीत. मधुमेहाच्या हद्दीतले दोन निकाल हवेत. ते एकाच दिवशी दोन वेगळ्या तपासण्यांचे असले तरी चालतात.

एचबीए१सी सोयीचं आहे, उपास लागत नाही. पण ते लाल पेशींच्या आयुष्यावर अवलंबून असतं. लोहाच्या कमतरतेने रक्तक्षय असेल तर ते उगाच जास्त येतं. नुकताच रक्तस्राव झाला असेल, रक्त चढवलं असेल किंवा लाल पेशी लवकर मोडत असतील तर कमी येतं. म्हणून सोबत हिमोग्लोबिन पाहा.

जोडी बिघडलेली, पण उपाशीपोटीची शुगर ९५ असेल, तर आमचं मत स्पष्ट आहे: ग्लुकोज पिऊन दोन तासांची तपासणी करा. काहींमध्ये बिघाड आधी जेवणानंतरच्या साखरेत दिसतो आणि उपाशीपोटीचा आकडा बराच काळ नॉर्मल राहतो. ती तपासणी करताना:

1. आधीचे तीन दिवस पिष्टमय पदार्थ कमी करू नका. दिवसाला निदान १५० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. ती तोडून गेलात तर दोन तासांची शुगर खोटी जास्त येऊ शकते.
2. ८ ते १४ तासांचा उपास करून जा आणि पहिलं सॅम्पल द्या.
3. ७५ ग्रॅम ग्लुकोज २५० ते ३०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून पाच मिनिटांत संपवा. दोन तास मोजायचे ते पहिल्या घोटापासून.
4. दोन तास बसून राहा. फेऱ्या मारू नका, सिगारेट ओढू नका, काही खाऊ नका.
5. मध्येच उलटी झाली तर तपासणी रद्द. दुसऱ्या दिवशीची वेळ घ्या.

## टप्पा १०: पुन्हा तपासणी आणि मधला काळ

ट्रायग्लिसराइड्स एकाच माणसात, काहीही न बदलता, वीसेक टक्के इकडेतिकडे होतात. २१० चे पुढच्या वेळी १७५ झाले म्हणून पथ्य लागू पडलं असं समजू नका आणि २४५ झाले म्हणून घाबरू नका. दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने, त्याच लॅबमध्ये, त्याच तयारीने दुसरं सॅम्पल द्या आणि दोन्हींची सरासरी वापरा. एचडीएल त्या मानाने स्थिर असतं.

प्रीडायबेटिस निघाला तर आधार म्हणून एक अभ्यास पुरेसा भक्कम आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या डायबिटीस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅममध्ये वजन ७ टक्क्यांनी उतरवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम हे लक्ष्य ठेवलेल्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं. मेटफॉर्मिन ही शुगर कमी करणारी गोळी घेणाऱ्यांत ३१ टक्क्यांनी. ८० किलोच्या माणसाला ७ टक्के म्हणजे साडेपाच किलो. हा आकडा आवाक्यातला आहे.

वजन उतरत असताना तीन महिन्यांच्या आत लिपिड पुन्हा करून निराश होऊ नका. ट्रायग्लिसराइड्स लवकर उतरतात, एचडीएल मात्र वजन स्थिरावल्यावरच वर यायला लागतं. ट्रायग्लिसराइड्सच्या गोळीने आकडा खाली आला असेल, तर मधुमेहाचा धोकाही तेवढाच उतरला असं धरू नका. त्यानंतर जोडी आणि टीवायजी दोन्ही पूर्वीसारखं बोलत नाहीत, आणि देखरेख शुगर, वजन आणि कंबर यांवरच ठेवावी लागते.

प्रीडायबेटिस असेल तर शुगर दरवर्षी तपासा. सगळं नॉर्मल आलं असेल तर तीन वर्षांनी. जोडी बिघडलेलीच असेल तर त्याआधी, डॉक्टरांच्या सल्ल्याने. रिपोर्ट जपताना प्रत्येकावर पाच गोष्टी लिहा: उपास किती तासांचा होता, वजन, कंबर, चालू औषधं, आणि गेल्या महिन्यातलं आजारपण.

वाट पाहायची नाही अशी वेळ: ट्रायग्लिसराइड्स ५०० च्या वर असतील तर मधुमेहाचा हिशेब मागे ठेवा आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा, कारण स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो आणि १००० च्या वर तो आणखी वाढतो. त्यासोबत पोटाच्या वरच्या भागात पाठीकडे जाणारी तीव्र कळ किंवा उलट्या असतील तर थेट हॉस्पिटल गाठा. खूप तहान, वारंवार लघवी आणि कारण नसताना वजन उतरणं ही लक्षणं असतील, तर उपास, लिपिड आणि गुणोत्तरं सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी शुगर तपासून घ्या. अशी लक्षणं असताना कधीही घेतलेली शुगर २०० किंवा जास्त आली की मधुमेहाच्या निदानाला तेवढंच पुरतं.